रिपोर्ट नॉर्मल, तरी त्रास कायम : आई-वडिलांच्या न उलगडणाऱ्या दुखण्याचे निदान कसे होते?

आईला किंवा वडिलांना काही महिन्यांपासून काहीतरी होत असते. थकवा, तोल जाणे, वजन घटणे, हातापायांना मुंग्या, मध्येच होणारा गोंधळ अशी तक्रारींची यादी वाढत जाते. रक्त तपासले जाते, स्कॅन होतो, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजीचे कारण नाही’ हे वाक्य ऐकून घरची मंडळी परततात. त्रास मात्र तसाच राहतो. अशा वेळी बहुतेकांना दोनच मार्ग सुचतात : वयाला दोष देऊन गप्प बसणे, किंवा एकामागून एक तज्ज्ञ आणि तपासण्या यांच्या मागे धावणे. पहिल्या मार्गात बरा होऊ शकणारा आजार निसटतो आणि दुसऱ्यात नवे घोटाळे निर्माण होतात. ते का होते हे कळायचे असेल, तर डॉक्टर निदानापर्यंत नेमके कसे पोहोचतात हे आधी समजून घ्यावे लागते.

निदान म्हणजे पुराव्यानिशी बांधलेला अंदाज

रक्ताचा नमुना यंत्रात घातला की पलीकडून आजाराचे नाव बाहेर येते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात डॉक्टर तक्रारी ऐकतानाच मनात संभाव्य आजारांची यादी करत असतात. या यादीला वैद्यकशास्त्रात ‘डिफरन्शियल डायग्नोसिस’ म्हणतात. आपण तिला नुसती ‘यादी’ म्हणू. प्रत्येक प्रश्नानंतर, प्रत्येक तपासणीनंतर या यादीतील काही नावे वर सरकतात, काही खाली जातात. एखादे नाव पुरेसे वर आले की त्याला निदान म्हणून उपचार सुरू होतात, आणि उपचारांना मिळणारा प्रतिसाद हादेखील एक पुरावाच असतो. म्हणजे निदान हे त्या दिवशीच्या माहितीवर आधारलेले मत असते, आणि नवी माहिती आल्यावर ते बदलणे हे डॉक्टरांच्या अपयशाचे लक्षण नव्हे.

लक्षण दिसते एकीकडे आणि मूळ असते दुसरीकडे, ही यातली मोठी अडचण आहे. भिंतीवर ओल जिथे उमटते, तिथेच पाइप फुटलेला असतो असे नाही. पाणी कुठून तरी झिरपत, वाट काढत तिथे पोहोचलेले असते. तसेच चक्कर कानातून येऊ शकते, मेंदूतून येऊ शकते, हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडामुळे येऊ शकते, उभे राहताना रक्तदाब घसरल्यामुळे येऊ शकते, किंवा सकाळी घेतलेल्या गोळीमुळेही येऊ शकते. चक्करेवरची गोळी देणे म्हणजे ओलीवर रंग मारणे. कधी कधी तेवढ्याने भागते, पण पुन्हा पुन्हा रंग मारावा लागत असेल तर पाइप शोधायला हवा.

अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेने 2015 मध्ये निदानातील चुकांवर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात निदानातील चूक म्हणजे काय, याची व्याख्या करताना दोन गोष्टी सांगितल्या आहेत : रुग्णाच्या त्रासाचा अचूक आणि वेळेवर उलगडा न होणे, किंवा झालेला उलगडा रुग्णापर्यंत न पोहोचणे. ही दुसरी बाब आपण विसरतो. डॉक्टरांना कारण कळले आहे, फायलीत लिहिलेही आहे, पण रुग्णाला आणि घरच्यांना ते समजलेलेच नाही, हीसुद्धा चूकच आहे. बहुतेक माणसांच्या वाट्याला आयुष्यात किमान एकदा तरी निदानातील चूक येते, असा या अहवालाचा निष्कर्ष होता.

‘आता वय झाले’ हे निदान का नव्हे

वय वाढते तशी शक्ती कमी होते, हे खरेच आहे. पण वय हळूहळू आपला परिणाम दाखवते. दोन महिन्यांपूर्वी एकट्याने जिना चढणारी व्यक्ती आज भिंत धरून चालत असेल, तर त्या दोन महिन्यांचा हिशेब वयाच्या खात्यावर टाकता येत नाही.

शिवाय उतारवयात आजार आपली ओळखीची लक्षणे सोडून येतात. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता, केवळ धाप, थकवा किंवा गोंधळ या रूपात येऊ शकतो. जंतुसंसर्ग असूनही ताप नसतो. दिसते ती फक्त बडबड, सुस्ती किंवा पडणे. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली की तरुण माणूस अस्वस्थ आणि चंचल होतो, तर वृद्ध व्यक्ती नेमकी उलट, मलूल आणि उदासीन दिसू शकते. नैराश्य हे रडू किंवा दुःख या रूपात न येता विसरभोळेपणा आणि अंगदुखीच्या रूपात येते.

स्मृतिभ्रंशासारख्या दिसणाऱ्या काही अवस्था उपचारांनी सुधारतात, म्हणून त्या शोधणे फार महत्त्वाचे ठरते. ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे मुंग्या, तोल जाणे आणि विसराळूपणा येतो, आणि हे सारे हिमोग्लोबिन अगदी व्यवस्थित असतानाही होऊ शकते. डोक्याला किरकोळ मार लागल्यावर काही आठवड्यांनी मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त लक्षणे दाखवू लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा धोका अधिक, आणि तो मार घरात कोणाला आठवतही नसतो. तिसरे उदाहरण मेंदूत पाणी साचण्याच्या एका विकाराचे. सालोमोन हाकीम या कोलंबियाच्या मेंदूशल्यविशारदाने आणि अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ रेमंड ॲडम्स यांनी 1965 मध्ये त्याचे वर्णन केले. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणे आणि विचारांची गती मंदावणे ही तीन लक्षणे त्यात एकत्र येतात, आणि योग्य रुग्ण निवडले तर साचलेले पाणी वळवणाऱ्या शस्त्रक्रियेने, विशेषतः चालीत, सुधारणा होते. यातली तिन्ही लक्षणे वेगवेगळी पाहिली तर प्रत्येक ‘वयाचीच’ वाटते. एकत्र पाहिली तर तसे वाटत नाही.

‘नॉर्मल’ या शब्दात नेमके काय दडले आहे

रक्ताच्या अहवालावर आकड्याशेजारी जी मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक चाचण्यांत निरोगी माणसांच्या मधल्या 95 टक्के लोकांचे आकडे घेऊन ठरवलेली असते. याचा अर्थ असा की पूर्णपणे निरोगी असलेल्या शंभरांपैकी पाच जण त्या मर्यादेबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एखाद्या निरोगी माणसाच्या केल्या, तर किमान एक आकडा ‘बिघडलेला’ निघण्याची शक्यता जवळजवळ 64 टक्के असते. उलट, एखाद्याचा आकडा वर्षानुवर्षे मर्यादेच्या वरच्या टोकाला असेल आणि आज तो खालच्या टोकाला आला असेल, तर अहवालावर खूण नसूनही त्यात खूप काही घडलेले असते. म्हणून जुने अहवाल जपून ठेवणे उपयोगाचे. एकटा आकडा थोडे सांगतो. त्याचा चार वर्षांचा प्रवास बरेच सांगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तपासणी फक्त तिला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. ईसीजी काही सेकंदांतील हृदयाची नोंद असते. आठवड्यातून एकदा दोन मिनिटे ठोके बिघडत असतील, तर ईसीजी नॉर्मलच येणार, आणि हॉल्टर, म्हणजे चोवीस तास अंगावर लावून ठोके नोंदवणारे छोटे यंत्र, त्याचाही अहवाल नॉर्मल येऊ शकतो. मेंदूच्या एमआरआयमध्ये गाठ किंवा पक्षाघात दिसतो, पण रक्तातील सोडियम कमी झाल्यामुळे आलेला गोंधळ दिसत नाही.

तिसरी गोष्ट थोडी गणिताची आहे, पण सगळ्या विषयाचा गाभा तिच्यातच आहे. समजा एखादी तपासणी शंभर आजारी माणसांपैकी 90 जणांना बरोबर पकडते आणि शंभर निरोगी माणसांपैकी 90 जणांना बरोबर सोडते. ही तपासणी सरसकट 1,000 लोकांची केली आणि त्यांत खरे आजारी फक्त 10 असले, तर त्या 10 पैकी 9 जण सापडतील; पण उरलेल्या 990 निरोगी लोकांपैकी 99 जणांचाही अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येईल. म्हणजे 108 पॉझिटिव्ह अहवालांपैकी खरे फक्त 9. आता तीच तपासणी अशा 1,000 लोकांची करा, ज्यांच्या तक्रारी ऐकून डॉक्टरांना निम्म्यांत तो आजार असावा असे वाटते. इथे एकूण 500 पॉझिटिव्ह अहवालांपैकी 450 खरे आणि 50 खोटे असतील, म्हणजे दहापैकी नऊ अहवाल विश्वासार्ह. यंत्र तेच, रसायन तेच. बदलली ती तपासणीपूर्वीची शंका. आणि शंका फारच बळकट असेल, म्हणजे शंभरातील 90 जणांना आजार असावा अशी स्थिती असेल, तर निगेटिव्ह अहवाल आल्यावरही निम्म्या लोकांत आजार शिल्लक असतो. अठराव्या शतकातील इंग्लिश गणिती टॉमस बेझ यांच्या ज्या निबंधातून हा विचार पुढे आला, तो त्यांच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये छापला गेला.

मग सगळ्या तपासण्या एकदमच का करू नयेत?

वरचे गणित हेच या प्रश्नाचे उत्तर आहे. शंकेशिवाय केलेली तपासणी खोट्या खुणा जास्त दाखवते. त्यातून पुढच्या तपासण्या, मग बायोप्सी (शरीरातील छोटा तुकडा काढून तपासणे), मग तिचे दुष्परिणाम, आणि मूळ त्रास बाजूलाच. कमरेच्या मणक्यांचे उदाहरण घ्या. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचे अनेक अभ्यास 2015 मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा मणक्यांमधील चकती झिजल्याची खूण विशीतील 37 टक्के आणि ऐंशीतील 96 टक्के लोकांत आढळली. म्हणजे ऐंशीच्या वयात ती झीज न दिसणे हेच नवल. एमआरआयमध्ये झीज दिसली म्हणून पायांतील अशक्तपणाचे कारण मिळाले असे ठरवले, तर खरे कारण तसेच मागे राहण्याचा धोका असतो.

लघवीच्या तपासणीचेही असेच होते. अनेक वृद्धांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. गोंधळलेल्या आजींच्या लघवीत जंतू निघाले की ‘इन्फेक्शन आहे’ असे जाहीर होते, अँटिबायोटिक सुरू होते आणि गोंधळाचा शोध तिथेच संपतो. कधी ते बरोबर असते. नेहमी नसते.

सर्वांत आधी गोळ्यांची पिशवी

अस्पष्ट तक्रारींच्या मागे असलेले सर्वांत सुधारण्याजोगे कारण बहुधा घरातच, औषधांच्या डब्यात असते, आणि तिथे सर्वांत शेवटी पाहिले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. वय वाढते तशी मूत्रपिंडाची औषध बाहेर टाकण्याची क्षमता घटते. त्यामुळे दहा वर्षे निर्धोक चाललेली मात्राही पुढे जड होऊ शकते.

यातला एक प्रकार ओळखून ठेवण्यासारखा आहे. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो, त्यासाठी दुसरे औषध दिले जाते, त्याचा दुष्परिणाम तिसऱ्या औषधाला आमंत्रण देतो. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या संशोधकांनी 1990च्या दशकात या प्रकाराकडे लक्ष वेधले. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनमुळे घोट्यांवर सूज येते. सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी येते. तिच्यामुळे सोडियम घटते, उभे राहताना रक्तदाब घसरतो आणि माणूस पडतो. चक्करेसाठी दिलेली सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन दीर्घकाळ चालू राहिली तर कंप, ताठरपणा आणि मंद हालचाली दिसू लागतात आणि पार्किन्सनची औषधे सुरू होतात. स्मरणशक्तीसाठी दिलेल्या डोनेपेझिलने लघवीची घाई वाढते, म्हणून ऑक्सिब्युटिनिन दिले जाते, जे मेंदूत डोनेपेझिलच्या नेमके विरुद्ध काम करते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची रोजची गोळी दीर्घकाळ घेतल्याने ब-12 कमी होऊ शकते. ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या वृद्धांत गोंधळ निर्माण करतात. मार्क बीअर्स या अमेरिकी डॉक्टरांनी 1991 मध्ये वृद्धांसाठी धोकादायक औषधांची जी यादी तयार केली, ती आज ‘बीअर्स क्रायटेरिया’ या नावाने ओळखली जाते आणि तिची एक सुधारित आवृत्ती 2023 मध्ये आली.

म्हणून डॉक्टरांच्या भेटीला जाताना औषधांची यादी नेण्याऐवजी पिशवीच न्यावी : दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या, दुकानातून स्वतःहून आणलेल्या, आयुर्वेदिक, डोळ्यांत घालायच्या, सगळ्या. यादीत आपण महत्त्वाचे वाटते तेवढेच लिहितो. मात्र गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत. स्टेरॉइड, फिट्सवरची औषधे, हृदयाचे ठोके कमी करणारी बीटा-ब्लॉकर्स आणि झोपेच्या काही गोळ्या अचानक बंद केल्याने जिवावर बेतू शकते.

निदान चुकते ते कुठे

ज्ञान कमी पडल्यामुळे निदान चुकते, हा समज अर्धाच खरा आहे. बऱ्याचदा माहिती समोर असते आणि विचार लवकर थांबतो. पहिल्या डॉक्टरांनी फायलीवर ‘सर्व्हायकल स्पाँडिलोसिस’ (मानेच्या मणक्यांची झीज) किंवा ‘चिंता’ लिहिले की पुढचा प्रत्येक जण त्याच चष्म्यातून पाहतो. दरवेळी नवा पुरावा न येताही ते नाव पक्के होत जाते. शोध ज्याचा चालू आहे त्यापलीकडचे डोळ्यांना दिसत नाही, हे दाखवणारा एक गमतीदार प्रयोग 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलेल्या 24 रेडिओलॉजिस्टपैकी 20 जणांना त्याच स्कॅनमध्ये मुद्दाम टाकलेले गोरिलाचे चित्र दिसले नाही, आणि ते चित्र सरासरी गाठीच्या 48 पट मोठे होते. ही निष्काळजी माणसे नव्हती.

दुसरे कारण म्हणजे शरीराची अवयवांनुसार झालेली वाटणी. ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिस नावाच्या आजाराकडे पाहा. यकृतात तयार होणारे एक प्रथिन बिघडून वेगवेगळ्या अवयवांत साचते. आधी दोन्ही मनगटांत नस दबून हातांना मुंग्या येतात आणि अस्थिरोगतज्ज्ञ शस्त्रक्रिया करतात. काही वर्षांनी धाप लागते, हृदयरोगतज्ज्ञ हृदयाची भिंत जाड झाल्याचे सांगतात. पाय बधिर होतात तेव्हा न्यूरोलॉजिस्टकडे जावे लागते. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात; तिन्ही कागद एका टेबलावर कधी येतच नाहीत. या आजाराने बाधित हृदयासाठीचे टॅफामिडिस हे औषध अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झाले, त्यामुळे आता हा उलगडा वेळेवर होण्याला पूर्वीपेक्षा जास्त किंमत आहे.

अर्थात सगळ्या लक्षणांमागे एकच आजार असतो, असेही धरून चालता येत नाही. चौदाव्या शतकातील विल्यम ऑफ ऑकम यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व कमीत कमी गृहीतके असलेले स्पष्टीकरण निवडायला सांगते. त्यावर जॉन हिकम या अमेरिकी डॉक्टरांच्या नावाने सांगितला जाणारा उलट नियम असा की रुग्णाला वाटेल तितके आजार एकाच वेळी असू शकतात. तिशीतील माणसाला बहुधा पहिला नियम लागू पडतो, पंचाहत्तरीतील माणसाला बहुधा दुसरा.

घरच्यांकडे असलेला पुरावा

ब्रिटनमध्ये 1975 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 80 नव्या रुग्णांची पाहणी केली गेली. त्यांपैकी 66 जणांचे अंतिम निदान केवळ आजाराची हकिकत कळताच डॉक्टरांच्या लक्षात आले होते. शारीरिक तपासणीमुळे ते 7 जणांच्या बाबतीत बदलले आणि प्रयोगशाळेमुळे आणखी 7 जणांच्या. त्यानंतर तपासण्या कितीतरी सुधारल्या, पण हकिकतीचे महत्त्व कमी झालेले नाही, कारण कोणती तपासणी करायची हे तीच ठरवते. आणि उतारवयातील रुग्णाची हकिकत पूर्ण करणारा माणूस बहुधा घरातलाच असतो.

ही हकिकत एका पानावर, तारखांच्या क्रमाने लिहावी. सुरुवात ‘शेवटचे पूर्णपणे बरे कधी होते’ या प्रश्नाने करावी. त्रास किती वेगाने आला, ही त्यातली सर्वांत मोलाची माहिती. काही मिनिटांत आलेले लक्षण रक्तवाहिन्यांकडे किंवा फिटकडे बोट दाखवते; काही तासांत किंवा दिवसांत आलेले संसर्ग, क्षारांचा असमतोल किंवा औषध यांच्याकडे; आठवडे-महिने घेत वाढलेले दाह, कमतरता किंवा गाठ यांच्याकडे; आणि वर्षानुवर्षे सरकत आलेले मज्जासंस्थेच्या झिजेकडे. यानंतर चढउतार लिहावेत. पापण्या आणि गिळणे संध्याकाळी बिघडत असेल तर स्नायू लवकर थकवणारा मायस्थेनिया ग्रॅव्हिस यादीत येतो. एक दिवस अगदी शुद्धीत आणि दुसऱ्या दिवशी भ्रमात, त्यात नसलेली माणसे किंवा प्राणी दिसणे आणि झोपेत हातपाय झाडणे असे असेल, तर लेवी बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराचा विचार व्हायला हवा. या आजारात भ्रमासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी प्रकृती गंभीर बिघडते, म्हणून ही एक नोंद जीव वाचवू शकते.

लिहिताना अर्थ लावू नये, दिसले ते लिहावे. ‘बाबांना फिट आली’ यापेक्षा ‘खुर्चीतून उठल्यावर लगेच चेहरा पांढरा पडला, अर्धा मिनिट बोलले नाहीत, नंतर लगेच ओळखले’ हे वाक्य डॉक्टरांना कितीतरी जास्त देते. झटके, कंप किंवा चाल यांचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, कारण डॉक्टरांसमोर ते नेमके घडत नाही. रक्तदाब आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजावा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने घसरला तर ती नोंद लगेच दाखवावी.

डॉक्टरांना प्रश्न विचारले तर ते दुखावतील का?

‘तुमचे निदान चुकले असे वाटते’ म्हटले तर कोणीही दुखावेल. तोच मुद्दा वेगळ्या तऱ्हेने मांडता येतो. ‘यादीत आणखी कोणते आजार आहेत? या निदानात न बसणारे असे काही तुम्हाला दिसते का? किती दिवसांत फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढचे पाऊल कोणते?’ या प्रश्नांनी डॉक्टरांचा विचार पुन्हा उघडतो आणि तुम्हाला एक मुदत मिळते. ‘थांबून पाहू’ हा सल्ला अनेकदा योग्यच असतो, कारण काळ हीसुद्धा एक तपासणी आहे. फक्त ती तपासणी कधी संपणार हे ठरलेले हवे. तज्ज्ञ पाच असले तरी सगळे धागे हातात ठेवणारा एक फिजिशियन किंवा फॅमिली डॉक्टर असावा, आणि प्रत्येक तज्ज्ञाचा कागद त्यांच्याकडे परत यावा.

सेकंड ओपिनियन घेणे हा अविश्वास नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयात पाठवल्या गेलेल्या 286 रुग्णांचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मूळ निदान जसेच्या तसे कायम राहिले ते फक्त 12 टक्के रुग्णांचे. 66 टक्के रुग्णांत ते अधिक नेमके झाले आणि 21 टक्के रुग्णांत पूर्णच बदलले. हे मुळात अवघड म्हणून पाठवलेले रुग्ण होते, त्यामुळे सगळीकडेच पाचातले एक निदान चुकीचे असते असा अर्थ काढू नये. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना केवळ अहवालाचा कागद पुरत नाही. स्कॅनच्या मूळ प्रतिमा न्याव्यात, बायोप्सी झाली असेल तर त्या तुकड्याच्या काचपट्ट्या (स्लाइड) आणि मेणात जपलेला उरलेला भाग (ब्लॉक) मागून घ्यावेत. आणि आधी हकिकत सांगावी, आधीच्या निदानाचे नाव नंतर.

इंटरनेटवर आणि चॅटबॉटला विचारावे का?

विचारायला हरकत नाही, पण वरचे गणित लक्षात ठेवून. तिथे लक्षणे टाकली की दुर्मीळ आणि सामान्य आजार एकाच रांगेत समोर येतात, आणि घाबरलेले मन सर्वांत भयंकर नाव उचलते. युरोपीय संघाच्या व्याख्येनुसार दोन हजारांत एकापेक्षा जास्त लोकांना नसलेला आजार दुर्मीळ मानला जातो. असे आजार हजारो आहेत, त्यामुळे एकत्रितपणे ते फारसे दुर्मीळ राहत नाहीत. तरीही सामान्य आजाराचे विचित्र रूप हे दुर्मीळ आजाराच्या ठराविक रूपापेक्षा अधिक वेळा भेटते. शोधातून मिळालेले नाव ‘हेच आहे’ म्हणून नेण्याऐवजी ‘हे कशामुळे नाही?’ असा प्रश्न म्हणून न्यावे.

‘हे मानसिक आहे’ असे सांगितले तर

हे उत्तर अपमानासारखे घेऊ नये आणि आंधळेपणाने स्वीकारूही नये. मज्जासंस्थेची रचना शाबूत असताना तिचे काम बिघडण्याचे विकार खरे असतात, त्यांना उपचार असतात, आणि त्यांचे निदान ‘बाकी काही सापडले नाही’ एवढ्यावर होत नाही. पायाच्या अशक्तपणात पाहिली जाणारी हूव्हरची खूण 1908 पासून ज्ञात आहे. तिच्यासारख्या ठोस खुणांवर ते निदान उभे राहते. म्हणून ‘हे कोणत्या खुणांवरून ठरवले?’ असे विचारणे रास्त आहे. ज्या व्यक्तीला आयुष्यभर असा त्रास नव्हता, तिला सत्तरीत पहिल्यांदाच तो झाला असेल, तर शारीरिक कारणांचा शोध जरा जास्तच कसून व्हायला हवा.

इथे मात्र वाट पाहू नये

एका बाजूचा अशक्तपणा, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे अचानक सुरू झाले, छातीत दुखले, नवी धाप लागली, किंवा गोंधळ काही तासांत वाढत गेला, तर रुग्णालय त्याच क्षणी गाठावे. पाठदुखीसोबत पायांतील ताकद जाऊन लघवी अडली किंवा सुटली तरीही तसेच. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उद्भवलेली डोकेदुखी, केस विंचरताना दुखणारी टाळू आणि चावताना दुखणारा जबडा एकत्र आले, तर डोक्याच्या रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून बायोप्सीची वाट न पाहताच स्टेरॉइड सुरू केले जाते.

आणि उलगडा झालाच नाही तर?

काही त्रासांना सर्व प्रयत्नांनंतरही नाव मिळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशाच रुग्णांसाठी 2008 मध्ये एक स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, आणि तिथेही अनेकांना उत्तर मिळत नाही. पण नाव नसले म्हणून उपचार थांबत नाहीत. वेदना, झोप, पडण्याचा धोका, वजन, मनःस्थिती यांवर काम करता येते, आणि काय काय नाही हे कळलेले असणे हीसुद्धा माहितीच असते. ठरावीक काळाने फाइल पुन्हा पहिल्या पानापासून उघडावी, कारण आजार पुढे सरकला की नवी खूण दाखवतो.

पुढची तपासणी करायची की नाही, हे ठरवताना एक प्रश्न डॉक्टरांसमोर मांडावा : अहवाल असा आला तर आपण काय करू, आणि तसा आला तर काय करू? दोन्हींचे उत्तर सारखेच असेल, तर पाठीतील पाणी काढण्याची किंवा बायोप्सीची गरज बहुधा नसते. उत्तरे वेगळी असतील, तर निर्णय ज्यांच्या शरीरावर सुई टोचली जाणार आहे त्यांना विचारावा लागतो. धावपळीत मुले आपापसांत ठरवून टाकतात आणि आई शेजारच्या खुर्चीत नुसती बसलेली असते. तिला किती जाणून घ्यायचे आहे, कशासाठी ती रुग्णालयात राहायला तयार आहे आणि कशासाठी नाही, हे तिचे चित्त स्वच्छ असलेल्या दिवशी विचारून, तिच्याच शब्दांत त्या हकिकतीच्या पानावर लिहून ठेवावे.